नायिका पुण्यात आणू नका

प्रश्न चंद्रपूरच्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांनी पहिली कादंबरी लिहून पूर्ण केली. काळ २०७०च्या आसपासचा. उन्हापायी शहराने दिवस सोडून दिलाय. शाळा, बाजार, कचेऱ्या, लग्नं, सगळं रात्री. नायिका सोळा वर्षांची गोंड मुलगी. लेखिका स्वतः गोंड नाहीत. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत करताना सांगितलं, "विज्ञानकथा खपत नाही, पौराणिक काही असेल तर द्या. आणि हीच काढायची तर मुलीला पुण्यात आणा, वाचक तिथे आहे." मैत्रीण म्हणते, "बाहेर सध्या विविधतेला जोरात मागणी आहे, सरळ इंग्रजीत लिही." त्या विचारतात, कोणाचं ऐकू? आणि मी गोंड नाही, मग लिहू का? सोबत त्यांनी तीन पानं आणि कादंबरीचा सारांश पाठवलाय.

बाई, मी तेवीस वर्षं दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा वाचतेय, निवडतेय, लेखकांबरोबर बसून दुरुस्त करतेय. माझ्या स्वतःच्या तीन कादंबऱ्या आहेत. माझं सरळ उत्तर असं की दोघांचंही ऐकू नका. कारणं मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रकाशकांचं बघू. मुलगी पुण्यात आणली की तुमची कादंबरी उरतच नाही. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो. तिथलं औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॅटचं. राज्यातले पंखे ज्या विजेवर फिरतात तिचा मोठा वाटा जिथे तयार होतो, तिथलाच माणूस दुपारी घराबाहेर पडू शकत नाही. "दिवस सोडून द्यायचा का?" हा प्रश्न पडायचा तर तो याच गावाला आधी पडणार. विज्ञानकथेचा सगळा जीव 'जर'मध्ये असतो, आणि तो 'जर' कुणाच्या तरी दारात उभा असावा लागतो. तुमचा 'जर' चंद्रपुरात, जटपुरा गेटपाशी उभा आहे. त्याला उचलून कोथरूडला नेलंत तर हवामानबदलावरची आणखी एक गोष्ट तेवढी होईल.

पण प्रकाशकांना असं का वाटलं, तेही समजून घ्या. मराठी विज्ञानकथेचा नायक बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचा संशोधक का असतो, याला इतिहास आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. तिचं काम विज्ञानप्रसाराचं, आणि विज्ञानकथा स्पर्धा हा त्याच कामाचा भाग. लिहिणारे बरेचसे शास्त्रज्ञ, प्राध्यापक, अभियंते. त्यांनी आपल्या ओळखीचं जग लिहिलं : प्रयोगशाळा, परिषद, विमानतळ, वृत्तपत्राची कचेरी. ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आणि माझ्यासारख्या हजारो मुलांना त्याने वेड लावलं. त्या कथांचं माझ्यावर ऋण आहे. पण पन्नास वर्षं तीच खोली दिसत राहिली की वाचकाला वाटू लागतं, भविष्यकाळ त्याच खोलीत घडतो. चहा आणून देणाऱ्या शिपायालाही भविष्यकाळ असतो, हे आपल्याकडे फार थोड्या कथांनी विचारात घेतलं.

इथे १९७४ सालच्या स्पर्धेची गोष्ट सांगायलाच हवी. जयंत नारळीकरांनी त्या वर्षी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नाव न बघता कथा बघावी, एवढाच त्यांचा हेतू होता. एवढ्या मोठ्या माणसाने पहिल्या कथेच्या वेळी आपलं वजन बाजूला ठेवलं, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते.

मीही कथा आल्या की नाव-पत्त्याचा कागद आधी वेगळा काढून ठेवते. बरीच वर्षं मला वाटायचं की एवढं केलं म्हणजे न्याय झाला. मग एकदा दहा-बारा अंकांच्या अनुक्रमणिका पुढ्यात घेऊन बसले. नावं झाकून निवडलेल्या कथाही पुन्हा पुन्हा त्याच तीन-चार शहरांतून आलेल्या होत्या. नाव झाकलं तरी भाषा पत्ता सांगते. मला जी वाक्यं 'स्वच्छ' वाटत होती ती माझ्या शाळेतली, माझ्या घरातली वाक्यं होती. "इथे भाषा कच्ची आहे" असा शेरा मारून मी ज्या कथा बाजूला टाकल्या, त्यांतल्या काहींची भाषा कच्ची नव्हती, फक्त माझी नव्हती. विविधतेचा प्रश्न पात्रांच्या आडनावांच्या फार आधी, इथे सुरू होतो. संपादकाच्या कानात.

त्यानंतर वाचायची पद्धत बदलली, आणि दुसऱ्याच वर्षी साक्री तालुक्यातून एका तरुणाची कथा आली. धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड, एका फडात एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की गाव ठरवतं, यंदा दोनच फड भिजवायचे. मग तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. पाणी पाजायला पाटकरी, राखणीला जागल्या. या मुलाची कल्पना अशी की उपग्रहावरून मातीतला ओलावा मोजणारी यंत्रणा येते आणि जिथे उत्पन्न जास्त निघेल त्या तुकड्याला पाणी देते. एकूण उत्पन्न वाढतं. फड मोडतो.

कल्पना ऐकूनच मी खुर्चीत सरळ बसले. पण पहिल्या खर्ड्याची सुरुवात होती, "डॉ. अभिजित यांनी लॅपटॉप उघडला तसे गावकरी आश्चर्याने पाहू लागले." पाटकऱ्याला पाच पानांत दोन ओळी. शेवटी डॉ. अभिजितना चूक उमगते आणि ते यंत्रणा दुरुस्त करतात. मी त्याला फोन करून विचारलं, "तुझ्या घरी पाटकरी कोण होतं?" तो म्हणाला, "आजोबा." म्हटलं, "मग गोष्ट त्यांना सांगू दे."

दीड महिन्याने दुसरा खर्डा आला. पहिलं वाक्य : "पाण्याची पाळी आता मोबाइलवर येते, तरी लोक रात्री माझंच दार वाजवतात." दाराबाहेरून कुणीतरी अहिराणीत विचारतं, पाणी कधी येणार, आणि म्हाताऱ्याला ते ठाऊक नसतं, आयुष्यात पहिल्यांदाच ठाऊक नसतं. उपग्रह, ओलावा, आकडेमोड सगळं कथेत होतंच, उलट जास्त नेमकं आलं, कारण म्हातारा प्रत्येक आकडा स्वतःच्या पायाच्या अंदाजाशी ताडून बघत होता. कथा छापली. त्या वर्षी सर्वांत जास्त पत्रं तिला आली, आणि त्यांतली निम्मी शहरांतून. पुण्याच्या वाचकाला साक्रीचा पाटकरी कळतो. वाचकाला कमी लेखण्याची घाई नेहमी मधल्या माणसांना असते.

हे एवढं लांबवून सांगितलं ते तुमच्या पानांकडे येण्यासाठी. तिसऱ्या पानावर रात्री दोनचा बाजार भरतो. मुलगी परकोटाच्या दगडाला हात लावते आणि दगड अजून कोमट असतो. त्या कोमट दगडाने मला कादंबरीत ओढलं. दिवसाचं ऊन रात्रीच्या तळहाताला कळतं. अशी एक जागा सापडायला माणसं दहा कथा लिहितात.

पण पहिल्या पानावर हे वाक्य आहे : "गोंड असूनही तिला गणिताची फार आवड होती." त्यातला 'असूनही' खोडा. आज, लगेच. तो शब्द तुम्ही वाईट हेतूने लिहिलेला नाही, मला पक्कं माहीत आहे. उलट कौतुकानेच लिहिलाय. पण त्या एका शब्दात तुमची निवेदक मुलीकडे वरून बघतेय. "तिला गणिताची फार आवड होती" एवढं पुरतं. आता याच नजरेने सगळं हस्तलिखित चाळा. 'असूनही', 'तरीसुद्धा', 'निरागस', 'रानटी सौंदर्य', 'निसर्गपुत्र', असे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे थांबा आणि हेच वाक्य पुण्याच्या मुलीबद्दल लिहिलं असतं का, ते स्वतःला विचारा.

दुसरं, मुलीच्या आजीला तुम्ही मंत्रतंत्र जाणणारी केलंय आणि उत्तर शेवटी तिच्या पोतडीतून निघतं, असं सारांशावरून दिसतं. हा फार मळलेला रस्ता आहे. अद्भुतकथेत आदिवासी पात्र आलं की त्याच्याकडे गूढ शक्ती, आणि ती शक्ती दुसऱ्याच्या उपयोगाची. शिवाय गोंडांचे पेन म्हणजे त्यांचे देव, आज पुजले जाणारे. त्यांना कथानकाच्या सोयीसाठी वापरता येत नाही. तुमच्या हाताशी याहून मोठं काहीतरी आहे. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. तुमची नायिका ज्या दगडाला हात लावते तो परकोट त्या राजांच्या काळातला. राणी हिराईने नवऱ्याची समाधी बांधली, महाकालीचं देऊळ बांधलं, राज्य चालवलं. म्हणजे ही मुलगी रानातून शहरात 'आलेली' नाहीच. शहर तिच्या माणसांनी वसवलंय आणि बाकीचे नंतर आले. हे एकदा कादंबरीच्या मुळाशी गेलं की आजीला मंत्र म्हणावे लागणार नाहीत. ती महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेली बाई असू शकते आणि जुन्या जलवाहिन्यांचा नकाशा तिला तोंडपाठ असू शकतो.

"मी गोंड नाही, मग लिहू का?" असं तुम्ही विचारलंत. लिहा, पण एकटीने नको. आपल्याकडे दलित लेखकांनी साठ-सत्तरच्या दशकात स्वतःचं जगणं स्वतः लिहायला घेतलं तेव्हा मराठी साहित्याला पहिल्यांदा कळलं की आधी आपण किती ऐकीव लिहीत होतो. तो धडा विज्ञानकथेने अजून नीट घेतलेला नाही. तुमच्या शाळेत गोंड मुली असतील, त्यांच्या आया-आज्या असतील, सोबत काम करणाऱ्या गोंड शिक्षिका असतील. हस्तलिखित वेगवेगळ्या वयाच्या तिघींना तरी वाचायला द्या. एकीचं मत म्हणजे समाजाचं मत नव्हे, म्हणून तिघी. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, ऋणनिर्देशात नाव घालू का ते विचारा, आणि त्यांनी "हे असं नसतं" म्हटलं तर वाद घालू नका. "हे आमच्यात बोलत नाहीत बाहेर" असं म्हटलं तर ते पान काढून टाका, कितीही सुंदर उतरलं असलं तरी. त्यांच्यापैकी एखादीला स्वतः लिहावंसं वाटलं तर तिची कथा माझ्याकडे आधी पाठवा.

आता मैत्रिणीचं म्हणणं. बाहेर वारं बदललंय हे खरं आहे. अमेरिकी लेखिका एन. के. जेमिसिन यांना २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार, मिळाला. कादंबरीचा ह्यूगो मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. त्याआधी २०१५मध्ये लिऊ त्सशिन यांच्या चिनी कादंबरीला केन लिऊ यांनी केलेल्या अनुवादातून तोच पुरस्कार मिळाला. पण व्यासपीठावर दिसतं तेवढं कचेरीत बदललेलं नाही. फायरसाइड मासिकाने २०१५च्या विज्ञानकथा मासिकांची मोजदाद केली तेव्हा ६३ मासिकांतल्या २,०३९ कथांपैकी फक्त ३८ कृष्णवर्णीय लेखकांच्या निघाल्या. ली अँड लो या प्रकाशनसंस्थेच्या पाहणीत अमेरिकी प्रकाशनक्षेत्रातले ७९ टक्के लोक २०१५मध्ये गोरे होते. २०१९च्या पाहणीत ७६ टक्के. चार वर्षांत तीन टक्के. लाट आलीय असं समजून भाषा बदलणाऱ्याने हे आकडे बघावेत.

लिऊ त्सशिन यांची कादंबरी नीट बघा. ती २००६ साली चिनी मासिकातून क्रमशः आली, २००८मध्ये पुस्तक झालं, इंग्रजी अनुवाद २०१४चा. आठ वर्षं ती चिनी वाचकांचीच होती. सांस्कृतिक क्रांतीची जखम त्यात आहे ती स्वतःच्या लोकांशी बोलण्यासाठी, परक्याला 'आमच्याकडचं' दाखवण्यासाठी नाही. तुमची कादंबरी मराठीत आहे, वऱ्हाडी-झाडीचे शब्द त्यात आपसूक येताहेत. इंग्रजीत लिहायला बसलात की पहिल्याच पानावर परकोट समजावून सांगावा लागेल. समजावून सांगणारी भाषा आणि गोष्ट सांगणारी भाषा यांचा सूर वेगळा पडतो. मराठीतही एक करा : बोलीतल्या शब्दांना कंसात अर्थ देऊ नका. वाक्य नीट असलं तर अर्थ लागतो.

इंग्रजीत जायचंच असेल तर एखादी लघुकथा तिथल्या मासिकांना पाठवून बघा. व्यावसायिक दर शब्दाला ८ सेंट धरला जातो. कथा वाचण्याचे पैसे मागणाऱ्यांकडे पाठवू नका. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा तिथे पूर आलाय. क्लार्क्सवर्ल्ड मासिकाला फेब्रुवारी २०२३मध्ये काही काळ कथा स्वीकारणंच बंद करावं लागलं. अशा ढिगातून संपादकाचा हात थांबतो तो त्या कोमट दगडासारख्या तपशिलावर. यंत्राने तळहात लावलेला नसतो.

मराठी बाजाराबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. पौराणिक कथांची लाट २०१०नंतर आली ती खरी होती आणि प्रकाशकाला त्यात पैसा दिसला हेही खरं. पण आज दुकानात दिसणारं पुस्तक दोन-तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं असतं. तुम्ही आज लाट बघून सुरुवात केलीत तर पोचाल तेव्हा ती ओसरलेली असेल आणि हातात तुमचं नसलेलं पुस्तक असेल. पहिल्या कादंबरीची आवृत्ती आता बरेचदा ५०० प्रतींची, कधी ३००चीही. किंमत ३०० रुपये आणि मानधन १० टक्के धरा, तर ५०० प्रती संपूर्ण खपल्यावर तुम्हाला १५,००० रुपये. एवढाच हिशेब आहे. म्हणूनच पैसे भरून पुस्तक काढू नका. जो प्रकाशक लेखकाकडून आधीच पैसे घेतो त्याला विकायची घाई उरत नाही. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी पैसे भरले होते आणि तीन वर्षांनी गठ्ठे रिक्षाने घरी आले.

करार वाचा. मराठीत अजूनही अनेक पुस्तकं शब्दावर निघतात, तसं करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ नव्या लेखकाने पाठच करावं. हक्क दिल्याची मुदत करारात लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच हक्क दिले असं धरलं जातं. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर करारात वेगळं म्हटल्याशिवाय ते परत येतात. "सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी" असं वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे पाच वेगळे हक्क आहेत, पाच ओळींत लिहून घ्या. ऑडिओ तर आवर्जून वेगळा ठेवा. स्टोरीटेल हे ऑडिओपुस्तकांचं अ‍ॅप २०१७ला भारतात आल्यापासून मराठी ऐकणारा मोठा वर्ग तयार झालाय. रात्री चालणाऱ्या शहराची गोष्ट कानाने ऐकायला किती शोभेल, याचा विचार तुम्ही केलाय की नाही मला माहीत नाही.

आणि कादंबरीच्या आधी दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही प्रथा आजही नव्या लेखकाला मिळणारं सगळ्यांत मोठं दार आहे. अंक वाचनालयांतून वर्षभर फिरतात, आणि प्रकाशक नव्या लेखकाचं नाव पहिल्यांदा तिथेच वाचतात. तुमच्या कादंबरीतला रात्रीच्या बाजाराचा भाग स्वतंत्र कथा म्हणून उभा राहतो. तीन हजार शब्दांत बसवा. बाजारात काय विकलं जातं ते वाढवा. सध्या तिथे फक्त भाजी आणि बर्फ आहे. दिवस सोडून दिलेल्या गावात आणखी काय महाग होईल? काळोख करणारे पडदे? दुपारची झोप? सूर्य बघितलेल्या माणसाच्या आठवणी? चांगले अंक मे-जूनमध्ये कथा मागवतात, जुलैअखेर बहुतेक पानं ठरतात. सोबतच्या पत्रात 'विविधता', 'आदिवासी जीवनाचं दर्शन' असं काही लिहू नका. दोन ओळी पुरेत : चंद्रपूर, २०७०, शहर रात्री जागं असतं, एक मुलगी दिवसा बाहेर पडायचं ठरवते.

ती का बाहेर पडते, हे तीन पानांत नाही. सारांशात "कुतूहलापोटी" असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. त्या वयाची मुलगी ४८ अंशांत बाहेर पडेल ती कुणासाठी तरी किंवा कुणापासून तरी. ते कळलं की मला कळवा, मी पूर्ण हस्तलिखित वाचते.